तरेबाईंचं बिनतारी खातं

तरेबाई म्हणायच्या की त्यांनी आयुष्यात कुणाचं फोनवरचं बोलणं ऐकलेलं नाही. तेवीस वर्षं हॉटेलच्या टेलिफोन बोर्डावर बसलेल्या बाईने हे म्हणणं म्हणजे हलवायाने आपण गोड चाखत नाही असं सांगणं. मीही आधी विश्वास ठेवला नव्हता. मग चार वर्षं त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर काढली आणि माझा नाइलाज झाला.

आमचं हॉटेल भिवंडी बायपासला, राहनाळच्या अलीकडे. भोईरशेठची जमीन रस्त्यात गेली आणि राहिलेल्या तुकड्यावर त्यांनी तीन मजले चढवले. सुरुवातीला कापडाचे व्यापारी उतरायचे. सुरत, मालेगाव, इचलकरंजी. पुढे आजूबाजूच्या भातखाचरांत गोदामं उगवायला लागली तशी गोदामवाली साहेबमंडळी यायला लागली. व्यापारी थुंकदाणी मागायचे, साहेब लोक प्लगपॉइंट मागायचे. बाकी फरक नव्हता.

मी रिसेप्शनला होतो. कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स केलेला असल्यामुळे तरेबाई मला 'कॉम्प्युटर' म्हणूनच हाक मारायच्या. "कॉम्प्युटर, चहा आला." त्यांचं वय तेव्हा पन्नाशीचं. इस्त्रीची सुती साडी, खांद्याला पिन, आणि दोन चष्मे, एक लांबचा आणि एक जवळचा. दोन्ही एकाच वेळी गळ्यात दोरीने लटकत. गरज पडेल तेव्हा नेमका चुकीचा डोळ्यांवर चढे.

बोर्डावर एक बटण होतं. ते दाबलं की जोडलेल्या दोघांचं बोलणं ऑपरेटरला ऐकू यायचं. लाइन लागली का, तुटली का, हे बघण्यासाठी ते होतं. तरेबाईंची पद्धत अशी : फोन जोडला की स्वतःचा रिसीव्हर टेबलावर पालथा ठेवायच्या, त्यावर हातरुमाल टाकायच्या आणि दोन्ही तळहात टेबलावर सपाट टेकवून बसायच्या. शाळेत तपासणीला साहेब आल्यावर पोरं बसतात तशा. मी एकदा विचारलं, हे हातांचं काय?

"मोकळे राहिले की बटनाकडं जातात."

"तुमचे?"

"माझे न्हाय जात. पण हातांचा काय भरवसा हाय?"

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावायचं आणि ते वाक्य त्या आठवड्यातून एकदा तरी ऐकवायच्या. "जो मधे बसतो त्याला सगळं ऐकू येतं. म्हणून मधे बसणाऱ्यानं ऐकायचं न्हाय." नाशिकहून कुणाची बायको फोन करून विचारायची, आमचे हे पोचले का? तरेबाई सांगायच्या, "रूममध्ये घंटी वाजतेय, कोण उचलत न्हाय." बायको पुढे विचारायची, कुठे गेले असतील? "घंटी वाजतेय, बाई." याच्या पलीकडे त्यांना बोलतं करणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं. नवरे त्यांना दिवाळीला मिठाई पाठवायचे. ती मिठाई त्या न चाखता हाऊसकीपिंगला वाटून टाकायच्या, कारण ती कशाबद्दल आहे ते त्यांना कळत होतं आणि कळलेलं आवडत नव्हतं.

मग मोबाइल आले आणि बोर्ड मुका झाला. तरेबाई बोर्डावर येऊन बसायच्या, हात टेबलावर ठेवायच्या, आणि दिवसभरात चार फोन यायचे. त्यातले दोन धोब्याचे. आता बाईंना काढणार, असं स्वयंपाकघरात सगळे बोलत होते. तेवढ्यात भोईरशेठ पुण्याला एका लग्नाला गेले, तिथल्या हॉटेलात त्यांनी वायरलेस इंटरनेटची पाटी पाहिली आणि परत येताच आपल्याकडेही ते पाहिजे म्हणाले. ठाण्याहून एक राउटरवाला आला. त्याने काळी पेटी बसवली, दोन शिंगं उभी केली आणि विचारलं, हे सांभाळणार कोण? मी कॉलर नीट केली.

"तरेबाई बघतील," शेठ म्हणाले. "तार असली काय नि नसली काय, फोन तो फोनच."

मला राग आला होता, हे कबूल करतो. सहा महिन्यांचा कोर्स केलेला माणूस शेजारी उभा असताना हे खातं पालथा रिसीव्हर ठेवणाऱ्या बाईकडे गेलं. बाईंनी पेटी गावदेवीच्या फोटोशेजारच्या फळीवर ठेवली, पहिल्या दिवशी हळदकुंकू वाहिलं आणि राउटरवाल्याला फोन लावला. त्यानंतर पुढचे दोन महिने त्या रोज अकराच्या सुमाराला त्याला फोन लावत होत्या आणि रोज एकच प्रश्न विचारत होत्या. एका दिवशी एकच. उत्तर वहीत मराठीत उतरवून घ्यायच्या. त्याने एकदा वैतागून विचारलं, बाई, सगळं एकदम का विचारत नाही? "सगळं एकदम कळत न्हाय," त्या म्हणाल्या. माझ्या कोर्सवाल्यांनी हे ओळखलं असतं तर माझं बरंच भलं झालं असतं.

पहिलं संकट शेठनीच आणलं. त्यांनी धामणकर नाक्यावरचा पेंटर बोलावून हॉटेलच्या दर्शनी भिंतीवर दोन फूट उंचीच्या अक्षरांत रंगवून घेतलं : वायरलेस इंटरनेटची सोय. आणि खाली, गिऱ्हाइकाला विचारायचे कष्ट नकोत म्हणून, पासवर्ड. ऑइलपेंटमध्ये, लाल सावलीसकट. पंधरा दिवसांनी पाहुण्यांच्या तक्रारी सुरू झाल्या की इंटरनेट गोगलगायीसारखं चालतंय. तरेबाईंनी पदर खोचला आणि बाहेर जाऊन बघितलं. शेजारच्या सायबर कॅफेवाल्याने स्वतःचं कनेक्शन कापून टाकलं होतं आणि त्याचे पाचही कॉम्प्युटर आमच्या भिंतीवर चालत होते. तो त्यांना बघून आदराने उठून उभा राहिला. चोरी त्याच्या लेखी नव्हतीच. एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय म्हणजे सगळ्यांसाठीच असणार, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

पासवर्ड बदलायचा तर भिंत परत रंगवावी लागेल, म्हणून शेठ तयार होईनात. बाई म्हणाल्या, "भिंत राहू दे. पासवर्ड मी बदलते."

"मग भिंतीवरचा?"

"तो तिथंच बरा हाय. लोक समाधानानं तोच टाकत बसतील."

तेव्हापासून रोज सकाळी नवा पासवर्ड. तो छोट्या चिठ्ठीवर लिहून साबण आणि टॉवेलबरोबर खोलीत जायचा. पासवर्ड म्हणजे एक मासा आणि पुढे चार आकडे. त्या खाडीकाठच्या, त्यामुळे मासे त्यांना कमी पडले नाहीत. बोईट, निवटी, कोळंबी, चिंबोरी, जिताडा. एका जैन व्यापाऱ्याने तक्रार केली की आमच्या धर्मात हे टाइप करणं बसत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या खोलीत 'दुधीभोपळा' गेला. म्हणजे त्या दिवशी सगळ्या हॉटेलला दुधीभोपळाच मिळाला.

मग त्यांनी पाटी लावली. रिसेप्शनवर, लॅमिनेट करून. लॅपटॉपवाल्या पाहुण्यांस विनंती. लॅपटॉपचं दार लावलेलं आहे का ते बघा, म्हणजे फायरवॉल चालू ठेवा. आपले फोल्डर सगळ्यांना दिसतील असे ठेवू नका, शेअरिंग बंद करा. बँकेचं काम आमच्या वायफायवर करू नका. ही शेवटची ओळ वाचून शेठ लाल झाले. हॉटेलनेच सांगायचं की आमच्यावर भरवसा ठेवू नका?

"शेठ, लॉकरवर आपण काय लिवलंय?"

शेठनी वळून बघितलं. मौल्यवान वस्तूंची जबाबदारी व्यवस्थापनाची नाही, असं लॉकरवर पितळी पाटीवर कोरलेलं होतं. तेही शेठनीच करून घेतलं होतं.

"ते चालतं, मग हे का न्हाय चालत?"

शेठ म्हणाले, बाई, तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही. पाटी राहिली.

पाटी वाचतो कोण? कुणीच नाही. तेव्हाचे लॅपटॉप असे भाबडे की एका वायफायवर आले की एकमेकांना ओळख दाखवायचे. मी रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर नेटवर्कची खिडकी उघडली की वरच्या मजल्यांवरचे साहेब ओळीने दिसायचे आणि निम्म्यांच्या फोल्डरना कडीसुद्धा नसायची. मला गंमत वाटायची. तरेबाईंना धडकी भरायची. "एका ओटीवर बारा अनोळखी माणसं झोपवली आपण," त्या म्हणाल्या, "नि चादर एकाकडं पण न्हाय." मग त्यांनी रोज अकराला फेरी सुरू केली. खिडकी उघडायची, कुणाचं उघडं आहे ते फक्त नावावरून बघायचं, आत शिरायचं नाही, आणि त्या खोलीत फोन लावायचा : साहेब, शेअरिंग बंद करा. बोर्डाला पुन्हा काम मिळालं.

सुरतेचा एक शेठ ऐकेना. माझ्या लॅपटॉपला कंपनीचं कुलूप आहे, तुम्ही मला शिकवू नका, असं तो हिंदीत, वरच्या पट्टीत, तीन दिवस सांगत होता. चौथ्या दिवशी बाईंनी दीर्घ श्वास घेतला, त्याच्या फोल्डरमधला एक फोटो उघडला, मिटला, आणि खोलीत फोन लावला.

"सेठजी, आपकी बेटी की शादी बहुत अच्छी हुई."

पलीकडची वरची पट्टी एकदम खाली आली : कौनसी शादी?

"पंगत में आप बहुत गुस्से में दिख रहे हैं. जलेबी कम पड़ गई थी क्या?"

दोन मिनिटांत शेअरिंग बंद झालं. मी हसून हसून काउंटरखाली बसलो होतो. बाई मात्र हसत नव्हत्या. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. संध्याकाळी मला म्हणाल्या, "एकच बघितला. ज्याचा होता त्याला लगेच सांगितला. दिसलं तर ज्याचं त्याला सांगायचं, कॉम्प्युटर. दुसऱ्याला न्हाय." मला वाटलं, एवढं काय त्यात. जिलेबीच तर होती.

हे सगळं मी हसत सांगू शकतो. पुढचं तसं सांगता येत नाही.

तरेबाईंचं माहेर राहनाळ. हॉटेलपासून रिक्षाने दहा मिनिटं. तिथे त्यांचा धाकटा भाऊ बाळाराम, त्याची बायको, दोन मुलं आणि वडिलांची राहिलेली जमीन. सातबाऱ्यावर वडिलांच्या मागे बहीण-भाऊ दोघांचीही नावं लागली होती. बाळाराम बहिणीहून वीतभर उंच, पण तिच्यापुढे कायम पायरीवर बसायचा. आठवड्यातून एकदा हॉटेलात यायचा, कधी वालाच्या शेंगा, कधी सुकट घेऊन. तिला 'बाय' म्हणायचा. आई लवकर गेलेली, त्यामुळे त्याला तिनेच वाढवला होता. ती हे सांगायची नाही, तोच सांगायचा. चहा पिता पिता कुणालाही.

एका फेब्रुवारीत देशमुख नावाचे साहेब पंधरा दिवस मुक्कामाला आले. मोठ्या गोदाम कंपनीचे. त्यांचा मोजणीवाला सहकारी दोन खोल्या सोडून. दोघांना एकमेकांचे कागद बघायचे होते म्हणून साहेबांनी फोल्डर उघडा ठेवला होता. बाईंनी दोनदा फोन केला. साहेब दोन्ही वेळा म्हणाले, हो हो, करतो. तिसऱ्या दिवशी अकराच्या फेरीला तो उघडाच. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे, आणि सुरतेच्या शेठला दिलं तेच औषध द्यायचं ठरवलं. एक फाइल उघडली.

तो नकाशा होता. राहनाळचा. खाचरांवर सर्व्हे नंबर घातलेले, बाजूने निळी रेघ म्हणजे कंपाउंड, आणि एका पट्ट्यावर लाल रंगात मोठा रस्ता आणि गेट. गेटच्या खाली जो नंबर होता तो बाईंनी आयुष्यभर अर्जांवर लिहिला होता. मी त्यांच्या मागे उभा होतो. मला नंबर कळला नाही. बाईंची ताठ झालेली मान कळली.

त्यांनी फाइल मिटली आणि फोन लावला.

"साहेब, तुमचा नकाशा खाली दिसतोय. मी उघडला. गेटचा नंबर माझ्या भावाचा हाय. आधी शेअरिंग बंद करा, मग खाली या."

देशमुख साहेब एका पायात चप्पल घालून खाली आले. सभ्य माणूस होता. चिडला नाही, घाबरला. बाईंनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "भावाकडं दलाल येतोय. साधं खाचर म्हणून मागतोय. मी त्याला एवढंच सांगू का, की थांब?"

साहेबांनी ग्लास खाली ठेवला. "बाई, तुम्ही थांब म्हणालात की तो का ते विचारणार. दुसऱ्या दिवशी गावभर होईल. हे माझ्याकडून फुटलं तर माझी नोकरी गेली. दोनदा सांगूनही मी ऐकलं नाही, चूक माझीच आहे. पण नका सांगू."

"बरं," तरेबाई म्हणाल्या.

साहेबांना ते खरं वाटलं नाही. मला वाटलं.

दुपारी त्यांनी राउटरवाल्याला फोन लावला आणि विचारलं की पाहुण्यांचे लॅपटॉप एकमेकांना आणि आम्हाला दिसूच नयेत अशी काही सोय असते का. तो म्हणाला, असते की. राउटरमध्येच असते. एका चौकटीत टिचकी मारायची. त्याने सांगितलं, बाईंनी टिचकी मारली, आणि नेटवर्कची खिडकी रिकामी झाली.

"हे आधी का न्हाय सांगितलंत?"

"आधी तुम्ही विचारलं नाही, बाई."

रोज एक प्रश्न. हा प्रश्न एक दिवस आधी विचारला असता तर. बाईंनी वहीत ते उत्तर उतरवलं, तारीख घातली आणि वही मिटली.

आठच दिवसांत बाळाराम आला. या वेळी हातात शेंगा नव्हत्या, कागद होते. दलालाचं ठरलं होतं. बहिणीची सही पाहिजे होती. आपल्याकडे बहिणी अशा कागदांवर सही करून देतात आणि बदल्यात काही घेत नाहीत, माहेरचं दार उघडं राहावं म्हणून. बाईंनी कागद वाचायला घेतले. लांबचा चष्मा लावून.

"एवढी काय घाई हाय तुला?"

"दलाल बोलतंय, आता न्हाय तर कवा न्हाय. तूच सांग ना बाय. तू इथं बसतंस, बडी बडी लोका येतान. तुला काय ठाव हाय का?"

त्याने सरळ विचारलं. मी काउंटरवर पेन घट्ट धरून बसलो होतो. मला वाटलं, आता सांगेल. नाही सांगितलं तर मीच सांगतो. बाईंनी दोन्ही तळहात टेबलावर सपाट टेकवले होते.

"मना जा ठाव हाय, ता माजा न्हाय," त्या म्हणाल्या. "तुला द्यायची असंल तर दे. कोण बोलतंय म्हणून देऊ नको."

बाळाराम हसला. माझ्याकडे बघून म्हणाला, "आमची बाय अशीच. देवळातल्या भगतासारखी बोलते." आणि पेन पुढे केलं. बाईंनी सही केली. तीन ठिकाणी.

मी काही बोललो नाही. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्यांच्या भीतीने म्हणा, आदराने म्हणा. तो गेल्यावर मी त्यांच्यावर तुटून पडलो. म्हटलं, त्या साहेबाला दुसरी नोकरी मिळाली असती. तुमच्या भावाला दुसरी जमीन कुठून मिळणार? त्या म्हणाल्या, "साहेबाचं मी चोरून बघितलेलं भावाला दिलं, तर उद्या कोण माझ्या बोर्डावर बोलंल?" मी म्हटलं, बाई, बोर्डावर आता बोलतंय कोण? धोबी?

हे मी बोलायला नको होतं. त्या जवळचा चष्मा लावून पुसलेलं टेबल परत पुसायला लागल्या.

पावसाळ्यानंतर कंपाउंड उभं राहिलं. गेट बरोबर तिथेच. दलालाने तोच पट्टा कंपनीला कितीला दिला ते राहनाळमध्ये लहान पोरंही सांगत होती. बाळाराम कपाळाला हात लावून बसला, पण नशिबाला बोल लावत होता. बहिणीकडे येत होता, सुकट आणत होता. ते तसंच राहिलं असतं. ते मी राहू दिलं नाही.

झालं असं की एका दुपारी भोईरशेठ काउंटरशी गप्पा मारत होते आणि म्हणाले, नोकरमाणसं सगळी सारखीच, संधी मिळाली की विकतात. मला राग आला. मी म्हटलं, सगळी नाही. आणि आमच्या तरेबाईंनी काय केलं ते छाती फुगवून सांगितलं. नकाशा, गेट, सही, सगळं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं सांगताना. शेठ म्हणाले, अशी माणसं राहिली नाहीत आता. आणि मे महिन्यात एका हळदीत, बँड वाजत असताना, चार लोकांत, त्यांनी तेच कौतुक बाळारामला ऐकवलं. तुझी बहीण म्हणजे सोनं आहे रे. समोर नकाशा होता, पण ब्र काढला नाही.

ज्याचं त्याला सांगायचं, दुसऱ्याला नाही. एवढी एक गोष्ट बाईंनी मला शिकवलेली होती. मी बाईंसमोर उभं राहून सांगितलं की हे माझ्यामुळे झालं. त्या म्हणाल्या, "तू चांगलंच बोललास ना माझ्याबद्दल." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

बाळाराम यायचा बंद झाला. त्या वर्षी भाऊबीजेलाही आला नाही. बाईंनी सुट्टी घेतली होती. दुसऱ्या दिवशी कामावर आल्या तेव्हा डब्यात करंज्या होत्या, जशाच्या तशा. आम्ही सगळ्यांनी खाल्ल्या आणि कुणी चांगल्या झाल्यात असं म्हणालं नाही.

जमिनीचे आलेले पैसे बाळारामने टेम्पोत घातले, टेम्पो चालला नाही. कंपनीने गावातल्या काही जणांना गोदामावर ठेवलं, त्यात तो लागला. सिक्युरिटी. निळा गणवेश, शिट्टी, टोपी. ड्युटी गेटवर.

पुढच्या भाऊबीजेला, सकाळी दहाच्या सुमाराला, तरेबाई हॉटेलात आल्या. सुट्टी असूनही. हातात ताट, वर क्रोशाचा रुमाल. म्हणाल्या, "कॉम्प्युटर, गाडी हाय का तुझी? राहनाळला सोड." सणामुळे रिक्षा मिळत नव्हत्या. मी त्यांना मोटारसायकलवर मागे बसवलं. रस्ताभर त्या एका हाताने ताट सांभाळत होत्या, दुसऱ्या हाताने मला धरलं नव्हतं. घराकडे वळायला लागलो तर म्हणाल्या, "घरी न्हाय. गेटवर. आज त्याची ड्युटी हाय."

गेटवर आडवा दांडा, शेजारी पत्र्याची केबिन, बाहेर टेबल-खुर्ची. बाळाराम खुर्चीवर. आम्हाला बघून उठला नाही. मी गाडी पलीकडे लावली आणि तिथेच थांबलो. बाई चालत टेबलापर्यंत गेल्या. बाळारामने समोरची वही उलटी फिरवून त्यांच्यापुढे सरकवली आणि पेन ठेवलं, येणाऱ्या प्रत्येक माणसापुढे ठेवतो तसं. बिननावाच्या माणसाला आत सोडायचं नाही, असा नियम होता.

मला वाटलं, आता या परत फिरतील. त्यांनी ताट टेबलावर ठेवलं. एक चष्मा लावला, काढला, दुसरा लावला. आणि सगळे रकाने भरले. नाव. गाव. कोणाला भेटायचे. काम. शेवटच्या रकान्यात काय लिहिलं ते मला लांबून दिसलं नाही, पण त्या दिवशी त्यांना दुसरं काय काम असणार? बाळारामने वही स्वतःकडे फिरवली आणि वाचायला लागला. चार शब्द असतील. त्याला फार वेळ लागला.

तेवढ्यात मागून कंटेनर आला आणि हॉर्न द्यायला लागला. बाळारामने मान वर केली नाही. त्याने वहीत आपल्या हाताने वेळ घातली, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि खुर्ची पूर्वेकडे वळवून ताठ बसला. बाईंनी रुमाल बाजूला केला. वारा होता, निरांजन लागेना. दोन काड्या फुकट गेल्या. तिसरी लागली तेव्हा त्याने आपले दोन्ही हात तिच्या हातांभोवती धरले होते.

कंटेनरवाला आता हॉर्नवरून हात काढायलाच तयार नव्हता. बाळारामने एक तळहात वर करून त्याला थांबवलं आणि कपाळ पुढे केलं.

पुढच्या महिन्यात मला पुण्याला नोकरी लागली. तरेबाई माझ्या डोळ्यांसमोर राहिल्या त्या तशा, पाठमोऱ्या, त्या गेटवर. त्यांच्या मागे एकामागून एक चार गाड्या उभ्या होत्या, आणि त्यांनी घाई केली नाही.